जमशेदजी टाटांचा पोलाद कारखाना चंद्रपुरात का झाला नाही?

विमानाचा साधा बोल्ट बोटाएवढा असतो. पण प्रचलित अमेरिकी मानकानुसार त्याच्या पोलादाने दर चौरस इंचाला किमान १,२५,००० पौंड ताण सोसायलाच हवा. आधी चाचणी, मग भरवसा. विमानं उडण्याच्या कितीतरी आधी हाच नियम जमशेदजी टाटांनी चांद्याच्या खनिजाला लावला होता.

१८३९ मध्ये नवसारीत जन्मलेल्या जमशेदजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८८२ मध्ये भूगर्भतज्ज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या लोखंडावरचा. लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज होतं आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला कोळसा. आणखी काय हवं?

पण जमशेदजींनी घाई केली नाही. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो लोखंड वितळवण्याच्या कामाचा निघाला नाही. ही अडचण छोटी नव्हती. भट्टीत कोक लागतो आणि तो ठरावीक प्रतीच्या कोळशापासूनच बनतो. शिवाय पोलादात गंधक किंवा फॉस्फरस जास्त राहिला, तर ते ठिसूळ होतं. त्यात सरकारच्या खाणकामाच्या अटीही जाचक होत्या. बेत बारगळला.

१८९९ मध्ये अटी सैल झाल्या आणि साठीच्या जमशेदजींनी पुन्हा उचल खाल्ली. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पोलादतज्ज्ञ चार्ल्स पेरिन यांना गाठलं. पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड १९०४ मध्ये भारतात आले आणि जमशेदजींचे पुत्र दोराबजी यांच्यासोबत त्यांनी चांद्याचं जंगल पालथं घातलं. खनिज कसदार होतं, पण साठे विखुरलेले. मोठ्या कारखान्याला ते पुरणार नव्हते.

त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेदजींचं जर्मनीत निधन झालं. कारखाना त्यांना पाहता आला नाही.

दोराबजी मात्र थांबले नाहीत. नागपूरच्या संग्रहालयातल्या भूगर्भ नकाशावर त्यांना दुर्गचं लोखंड दिसलं. पुढे शोध मयूरभंजपर्यंत पोहोचला आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी तिथे पहिलं पोलाद निघालं.

चांद्याला कारखाना मिळाला नाही, हे खरं. पण हातातला कोळसा नापास झाल्यावर जमशेदजींनी तडजोड केली नाही, कसोटीला उतरेल तीच जागा हवी म्हणून वाट पाहिली. विमानाचा बोल्टही याच कसोटीवर घेतला किंवा नाकारला जातो.