विश्लेषण : मधमाश्यांच्या डंखावर जीव वाचवणारे ॲड्रेनालिन आले कुठून? जोकिची ताकामिने कोण होते?

नागपूर-वर्धा मार्गावरचे केळझर. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेल्या एखाद्या भाविकाला मधमाश्यांनी डंख केला, तर बहुतेक वेळा सूज आणि वेदनेवर निभावते. मात्र, काहींचे शरीर त्या विषाला भलताच प्रतिसाद देते. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो. यालाच ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. शेंगदाणे, मासे किंवा एखाद्या इंजेक्शननेही हे होऊ शकते. वर्धा येथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि हातात मिनिटेच असतात. अशा वेळी पहिले औषध एकच, ॲड्रेनालिन. ते शुद्ध स्वरूपात मिळवणारा माणूस डॉक्टर नव्हता, तर रसायनाचा अभियंता होता.

जोकिची ताकामिने कोण होते?

ताकामिने यांचा जन्म 1854 मध्ये जपानमधील ताकाओका येथे झाला. वडील वैद्य, तर आईचे माहेर साके म्हणजे तांदळाची दारू गाळणाऱ्यांचे. या दोन्ही घरांचा पुढे त्यांना उपयोग झाला. लहानपणीच त्यांना इंग्रजी शिकायला नागासाकीला धाडण्यात आले. टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1879 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. नंतर ग्लासगोत शिक्षण, परतल्यावर सरकारी नोकरी. 1884 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनाला गेले असता कॅरोलिन हिच यांच्याशी ओळख झाली आणि 1887 मध्ये लग्न. मधल्या काळात त्यांनी टोकियोत रासायनिक खतांची कंपनीही उभी केली.

1890 मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेला गेले. डोक्यात कल्पना साकेचीच होती. व्हिस्की करताना धान्यातील पिष्टाची साखर करण्यासाठी तिकडे मोड आणलेले सातू, म्हणजे माल्ट वापरत. ताकामिने यांनी त्याऐवजी कोजी ही बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली. काम लवकर आणि स्वस्तात होऊ लागले. साहजिकच, इलिनॉयमधील पिओरिया शहरातल्या माल्टवाल्यांचा याला विरोध होता. पुढे तिथला प्रकल्प आगीत खाक झाला आणि त्यांना यकृताच्या आजारानेही गाठले. पैसा गेला, तब्येत गेली. पण बुरशी होती! तिच्यातून काढलेल्या पाचक औषधाचे, ताका-डायस्टेसचे, पेटंट त्यांना 1894 मध्ये मिळाले. पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने ते विकले आणि घडी पुन्हा बसली.

ॲड्रेनालिन कसे मिळाले?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या अर्कामुळे रक्तदाब झपाट्याने वाढतो, हे इंग्लंडमधील ऑलिव्हर आणि शेफर यांनी 1890 च्या दशकात दाखवले होते. अर्कातला नेमका पदार्थ मात्र कोणाला शुद्ध करता येत नव्हता. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन एबल जवळ पोहोचले होते, त्यांनी पदार्थाला एपिनेफ्रिन हे नावही दिले. पण त्यांच्या हाती आलेला पदार्थ मूळ रूपातला नव्हता.

पार्क-डेव्हिसच्या सांगण्यावरून ताकामिने यांनी न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत हे काम हाती घेतले. 1900 मध्ये केईझो उएनाका हा तरुण रसायनतज्ज्ञ जपानमधून त्यांच्याकडे आला. त्याच उन्हाळ्यात, कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींच्या अर्कातून स्फटिक मिळाले. हातातले काम बहुतांशी उएनाका यांचे होते, त्यांच्या प्रयोगाची नोंदवही जपानमध्ये जपून ठेवलेली आहे. पेटंटवर मात्र नाव एकट्या ताकामिने यांचे. ही गोष्ट खटकतेच.

ते पेटंटही वादात सापडले. शरीरात आपसूक तयार होणाऱ्या पदार्थावर मालकी कशी, असा मुद्दा होता. 1911 मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी पेटंट वैध ठरवले. ॲड्रेनालिन हे कंपनीचे व्यापारी नाव झाल्याने अमेरिकेत औषधाला आजही एपिनेफ्रिनच म्हणतात. चिठ्ठीवर यांपैकी कोणतेही नाव दिसले, तरी औषध तेच.

सुरुवातीला त्याचा वापर शस्त्रक्रियेतील रक्तस्राव थांबवण्यासाठी होई, लवकरच दम्यासाठीही होऊ लागला. ॲनाफायलॅक्सिस हा शब्दच मुळी 1902 मध्ये फ्रान्सच्या रिशे आणि पोर्तिए यांनी घडवला. ताकामिने श्रीमंत झाले. 1912 मध्ये वॉशिंग्टनला गेलेल्या चेरीच्या तीन हजारांवर झाडांमागे त्यांचाही पैसा होता. 22 जुलै 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

मग ते चौकाचौकात का नाही?

पार्क-डेव्हिसच्या बाटलीतले द्रावण एकास हजार या प्रमाणाचे असे. आज सरकारी दवाखान्यातल्या ॲम्प्यूलमध्येही तेच प्रमाण असते, एका मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम. अडचण औषधाची नाही, ते स्वस्त आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. अडचण आहे ती देण्याची. ॲम्प्यूल फोडायची, सिरिंजमध्ये नेमके मोजून घ्यायचे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचे. घाबरलेल्या माणसाला हे जमणे कठीण, आणि मात्रा चुकली तर हृदयावर ताण येतो.

अमेरिकेत यावर 1987 मध्ये पेन आले. मात्रा आत ठरलेली, मांडीवर दाबले की सुई आपोआप आत जाते. 2013 च्या कायद्याने तिथल्या राज्यांना शाळांमध्ये असा साठा ठेवण्यास प्रोत्साहन दिले. आपल्याकडे हे पेन सहजी मिळत नाही. शिवाय हे औषध उष्णता आणि प्रकाशाने खराब होते, रंग तपकिरी झाला की निरुपयोगी. वर्ध्याच्या 45 अंशांच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत ते टिकणार नाही, ही गोष्ट मागणी करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

तरीही हे औषध गावात येतच नाही असे नाही. लसीकरणाच्या सत्रात ॲनाफायलॅक्सिस किट ठेवायचे असते. त्यात ॲड्रेनालिनच्या ॲम्प्यूल, सिरिंज आणि वयानुसार मात्रेचा तक्ता असतो. प्रशिक्षित एएनएम ताईंना स्नायूत एक मात्रा देण्याची मुभाही आहे. म्हणजे डॉक्टर नसताना, गावातच, हे औषध देण्याची पद्धत सरकारने आखलेली आहे. फक्त सत्र संपले की ते किट ताईंसोबत परत जाते.