तुटपुंज्या भांडवलाचा सोंगाड्या

अर्थशास्त्राच्या वर्गात भांडवल आणि बाजारपेठ यांचा संबंध सांगताना मी कधी कधी दादा कोंडके यांचे उदाहरण घेतो. विद्यार्थी खुशीत हसतात. प्राध्यापक-कक्षात मात्र काही भुवया उंचावतात. ज्या विनोदावर लाखो माणसे हसली, त्यावर आपण हसलो हे कबूल करणे सुशिक्षितांना अजूनही जड जाते.

कृष्णा कोंडके यांचा जन्म १९३२ सालचा. मुंबईच्या गिरणगावात, नायगावच्या कामगार वस्तीत ते वाढले. ‘अपना बाजार’मधील नोकरी, बँडपथक, सेवा दलाचे सांस्कृतिक कार्यक्रम असा प्रवास करीत ते लोकनाट्याकडे आले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्यांना घडविले. नेपथ्याचा बडेजाव नाही, मोजकी पात्रे, आणि समोरच्या प्रेक्षकाचा अंदाज घेत रंगविलेला संवाद! कमी खर्चात हशा कसा पिकवावा, याचे याहून उत्तम शिक्षण कोणत्या संस्थेत मिळाले असते?

भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (१९६९) काम केल्यानंतर, १९७१ साली त्यांनी स्वतः निर्माता होऊन ‘सोंगाड्या’ काढला. लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, संगीत राम कदमांचे. चित्रपट कृष्णधवल. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, एवढेच कथानक. तांत्रिक सफाई शोधू गेल्यास निराशाच पदरी पडेल. परंतु लोंबत्या नाडीची ती अर्धी चड्डी, तो बावळट चेहरा आणि प्रेक्षकांचा हशा ओसरण्याची वाट पाहावी तसे ते मध्येच थांबणे, यांत तमाशाच्या फडावरचा जिवंतपणा जसाच्या तसा उतरला होता. सफाई आली असती तर तो बहुधा गेला असता.

खरी अडचण पुढेच होती. माल तयार होता, गिऱ्हाईकही होते, दुकान मिळेना. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’ला अग्रक्रम मिळाला. अखेर शिवसेनेच्या हस्तक्षेपानंतर ‘सोंगाड्या’ तेथे लागला आणि तुफान चालला. मागणी असली की पुरवठ्याला वाट मिळतेच, असे आम्ही फळ्यावर लिहितो. येथे ती वाट रस्त्यावरच्या बळाने काढावी लागली. हा मार्ग मला मान्य नाही, पण मुंबईत मराठी चित्रपटाला दुसरा कोणता मार्ग खुला होता, याचे उत्तरही मजपाशी नाही.

पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’ असे एकामागून एक चित्रपट आले. त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली. उत्तरोत्तर द्व्यर्थी संवादांचे प्रमाण मात्र वाढत गेले. १९८४च्या ‘तेरे मेरे बीच में’पासून ते हिंदीतही उतरले, पण ज्या बोलीच्या जोरावर तो विनोद उभा होता, ती तेथे कोठून येणार? १४ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा एखादा जुना चित्रपट दूरदर्शन संचावर लागला, की आमच्या घरी आजही कोणी उठून तो बंद करीत नाही.