अर्ध्या शहाण्याची कबुली

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारे पाणी ओंजळीत घेताना भाविक पाच नद्यांची नावे घेतो: कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. यांपैकी दोन नद्यांच्या काठाशी पेशवाईतल्या एका असामान्य पुरुषाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. सावित्री पश्चिमेला उतरून महाडवरून बाणकोटला समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळचे वेळास हे भानू घराण्याचे मूळ गाव. कृष्णा पूर्वेला उतरते आणि वाईच्या अलीकडे मेणवलीच्या दगडी घाटाला लागते. तिथे याच घराण्यातल्या बाळाजी जनार्दन भानूंनी वाडा बांधला. महाराष्ट्र त्यांना नाना फडणवीस म्हणून ओळखतो.

मेणवलीचा वाडा पुढे २००४ साली ‘स्वदेस’ चित्रपटामुळे घरोघरी पोचला. महाबळेश्वरला जाणारी कुटुंबे वाटेत वाकडी वाट करून तो बघून येतात, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा मुलांना दाखवतात आणि पसरणीचा घाट चढू लागतात. ज्याच्या नावाचा हा वाडा, त्या माणसाच्या मनात काय चालले होते याची थोडीशी नोंद मात्र त्याने स्वतःच करून ठेवली आहे. ती आजही वाचण्यासारखी आहे.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. त्यांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि तिथेच मारले गेले. पेशवे घराण्याने हे ऋण मानले, फडणिशी भानूंकडे राहिली आणि नाना पेशव्यांच्या मुलांच्या बरोबरीने वाढले. १७५६ मध्ये वडील गेले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती दौलतीच्या जमाखर्चाची दप्तरे आली. लग्न त्याआधीच, दहाव्या वर्षाच्या सुमारास झाले होते. ज्या वयात आजचा मुलगा दहावीच्या शिकवणीला जातो, त्या वयात नाना कर्ते पुरुष, गृहस्थ आणि फडणवीस असे तिन्ही होते.

पुढे पानिपत आले. नाना मोहिमेत आई आणि पत्नी यांच्यासह गेले होते. अनेकांना त्या स्वारीत तीर्थयात्राही साधायची होती. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी नाना अजून एकोणीस वर्षांचेही नव्हते. लढाई हरल्यावर जीव वाचवत, वेष पालटून ते परत आले. पत्नीही सुखरूप परतली, आई मात्र आली नाही. जून महिन्यात नानासाहेब पेशवेही गेले. बाप, आई आणि आश्रयदाता धनी, तिघेही पाच वर्षांत दुरावले.

या सगळ्या काळाची हकिगत नानांनी आत्मवृत्तात लिहून ठेवली. मराठी गद्यातल्या अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी हे एक. जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर केले, त्यामुळे ते परदेशातही पोचले. एखाद्या मुत्सद्द्याने लिहिलेले म्हणून आपण त्यात राजकारण शोधायला जावे, तर आरंभी भेटते ते ईश्वर आणि देह यांचे चिंतन, मग लहानपणी देवांच्या मूर्ती मांडून खेळलेला पूजेचा खेळ आणि मग तारुण्यात पाऊल टाकताना देहात उठलेल्या वासनेचे वादळ. आपले मन स्त्रीविषयी ओढ घेत होते, ते आवरता आवरत नव्हते आणि त्याची लाज वाटत होती, हे नाना आडपडदा न ठेवता सांगतात. अठराव्या शतकातल्या एका कर्मठ ब्राह्मण कारभाऱ्याने हे कागदावर उतरवावे, याचे आजही नवल वाटते.

ही हकिगत पानिपतानंतर लवकरच थांबते. त्यापुढचे नाना आपल्याला इतिहासातून माहीत आहेत. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंच्या कारस्थानात ते पुढे आले, सवाई माधवरावांच्या नावाने त्यांनी दौलत सांभाळली, १७८२ मध्ये इंग्रजांशी सालबाईचा तह झाला, १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाला नमवणारी फौज एकत्र आणली. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत त्यांना अर्धा शहाणा म्हणत, कारण बुद्धी पूर्ण असली तरी तलवारीचे अंग नव्हते. पण त्यांच्या खाजगी आयुष्यातली पुढची चाळीस वर्षे कोरी राहिली आणि तिथे बखरी, कुजबुज आणि रंगभूमी शिरली. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ मध्ये कामातुर, वयस्कर नाना रंगमंचावर नाचवले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे असे तेंडुलकर सांगत राहिले, तरी असंख्य लोकांच्या डोळ्यांपुढे नाना म्हटले की तेच चित्र उभे राहते. त्याला जोड मिळते ती एका ठसठशीत आकड्याची: नानांनी नऊ लग्ने केली.

मग आजच्या भाषेत नानांना कामविकार होता का? हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर देऊ लागलो की आपल्या मनात तीन वेगळ्या गोष्टींचा कसा गुंता झालेला असतो ते कळते. इच्छा किती तीव्र आहे ही एक गोष्ट. तिची लाज किती वाटते ही दुसरी. आणि तिच्यावर ताबा राहतो की नाही ही तिसरी. घरात किंवा गावात कुणाविषयी बोलताना आपण पहिल्या दोन गोष्टींवरून निकाल देऊन टाकतो. मानसशास्त्राचा भर मात्र तिसरीवर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाला विकार म्हणून स्थान मिळाले. ते ‘व्यसन’ या सदरात नव्हे, तर आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत. त्याच्या खुणा अशा: कामेच्छेभोवतीच सगळे आयुष्य फिरू लागते, तब्येत, काम, घर यांची हेळसांड होते, थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात, नुकसान दिसत असूनही, कित्येकदा सुख मिळेनासे झाले तरीही, तेच घडत राहते. हे सहा महिने वा अधिक काळ चालले पाहिजे. आणि एक फार महत्त्वाची अट: केवळ धर्माने वा नीतीने हे वाईट मानले म्हणून मनाला जी टोचणी लागते, तेवढ्यावरून कुणाला विकारग्रस्त ठरवता येत नाही.

अशा माणसांचा स्वभाव कसा असतो? बाहेरून बेदरकार, रंगेल, मजेत जगणारा असा एखादा नमुना आपण डोळ्यांपुढे आणतो. प्रत्यक्षात एकच साचा नाही. उतावळेपणा, आवेगाला लगेच शरण जाणे, हे पुष्कळदा आढळते. पण तितक्याच वेळा आढळतात ती चिंता, उदासी, एकटेपणा आणि आपण कवडीमोलाचे आहोत ही आतली भावना. दुःख, राग, ताण यांना तोंड देण्याची दुसरी रीत हाती नसते. काहींच्या बालपणी आघात किंवा दुरावा झालेला असतो. मन अस्वस्थ झाले की देह थोडा वेळ सुटका देतो. सुटकेमागून शरम येते. शरमेने मन पुन्हा अस्वस्थ होते. असे हे रहाटगाडगे फिरत राहते. शरमेने ते थांबत नाही, उलट शरम हेच त्याचे वंगण असते.

या मोजपट्टीवर नाना कुठे बसतात? दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आजचे निदान चिकटवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण जे दिसते ते सांगता येते. मायेची माणसे कोवळ्या वयात तुटली, आवेग तीव्र होता, शरम त्याहून तीव्र होती. मात्र हेळसांडीची खूण त्यांच्या कारभारात सापडत नाही. दप्तर, हेरांच्या बातम्या, पैशाचा हिशेब, यांत त्यांची शिस्त अखेरपर्यंत ढळली नाही. १७९६ मध्ये दौलतराव शिंदे आणि त्यांचे कारभारी बाळोबा यांचे डाव उलटे फिरले, तेव्हाही प्रतापगडावर भक्कम शिबंदी ठेवून ते महाडला उतरले आणि तिथून पुन्हा बाजी फिरवली. ज्याचे सारे आयुष्य वासनेने गिळले आहे, त्याचे हे लक्षण नव्हे. त्यांची कबुली ही बहुधा एका तरुण, धर्मभीरू मनाची टोचणी होती. ती वाचून दुखणाईत माणूस दिसावा, यात आपल्या वाचण्याची चूक अधिक आहे.

आणि नऊ लग्ने? त्या काळी पत्नी गेली की दुसरी, वारस हवा म्हणून आणखी एक, हा श्रीमंत घरांचा रिवाज होता. नानांचा एकही मुलगा जगला नाही. तेव्हा आकड्यावरून त्यांची वासना मोजता येत नाही. पण इथे आपण सुटकेचा निःश्वास टाकून नानांना निर्दोष ठरवून मोकळे व्हावे, असेही नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले, तेव्हा मागे दोन पत्नी उरल्या. एक थोड्याच दिवसांत गेली. दुसरी जिऊबाई. तिचे वय नऊ वर्षांच्या आसपास होते.

या मुलीच्या वाट्याला जे आले ते नानांच्या चरित्रांत शेवटच्या एक-दोन परिच्छेदांत उरकले जाते. दुसऱ्या बाजीरावाची नजर नानांच्या मिळकतीवर होती. जिऊबाई लोहगडावर नानांचे विश्वासू धोंडोपंत यांच्या आश्रयाने राहिली. १८०३ मध्ये जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने तिला वर्षाला बारा हजार रुपयांची नेमणूक आणि संरक्षण मिळाले आणि ती पनवेलला गेली. पुढे मेणवली तिच्याकडे परत आली. संसार म्हणजे काय हे कळण्याआधी ती विधवा झाली होती आणि उभे आयुष्य त्या एका नावाच्या सावलीत तिने काढले. नानांच्या ठायी विकार होता की नव्हता, याने तिच्या वाट्याच्या दुःखात काडीचाही फरक पडत नाही. विकार नसला म्हणून वर्तन योग्य ठरत नाही. उलट, विकार असला म्हणूनही दुसऱ्याला झालेली इजा माफ होत नाही.

नानांच्या काळी तरुणाच्या वासनेवर समाजापाशी एकच औषध होते: लग्न. दहाव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाने त्यांच्या मनातले वादळ शमले नाही, हे त्यांच्याच लिखाणातून दिसते. कायदा बदलला, वय वाढले, पण ते औषध आपण अजून टाकलेले नाही. मुलाचे वळण बिघडले, रात्ररात्र मोबाइलवर नको ते बघत बसतो, पैसे उडवतो, नोकरीत लक्ष नाही, असे कानावर आले की घरातले कुणीतरी वडीलधारे म्हणतेच, की दोनाचे चार हात करून द्या, आपोआप सुधारेल. ज्याचा ताबा खरोखर सुटला आहे तो लग्नाने सुधारत नाही, कारण त्याचे दुखणे जोडीदार नसण्याचे नसते. फक्त रहाटगाडग्यात आणखी एक माणूस ओढला जातो, आणि तो बहुतेक वेळा काहीही ठाऊक नसलेली सून असते.

आज दुसरे मार्ग आहेत. मानसोपचारतज्ज्ञ अशा माणसाला आवेग केव्हा आणि कशाने उठतो हे ओळखायला शिकवतात, विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती वापरतात, चिंता वा उदासीनता असेल तर औषधे देतात. जोडीदारालाही सोबत घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी आता हे तज्ज्ञ मिळतात. अडते ते पहिल्या पावलाशी, स्वतःहून सांगण्याशी. ताबा सुटला आहे की नुसतीच टोचणी लागली आहे, हे तज्ज्ञाला पारखता येते, पण त्यासाठी आधी कुणीतरी तोंड उघडावे लागते. आणि घरच्यांनी ते ऐकताना तोंड फिरवून चालत नाही.

मेणवलीला गेलात तर घंटा बघून झाल्यावर वाड्याच्या चौकांतून जरा सावकाश फिरा. मार्गदर्शक नानांचे गुणगान सांगेल. जिऊबाईचे नाव त्याने घेतले नाही, तर तुम्ही विचारा.