हिमालयातून परत आलेले काका

परीक्षा संपली की कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. चला, हिमालयात जाऊ! आपल्या नागपुरात डोंगर म्हणायला सेमिनरी हिल्स, फार तर रामटेकची टेकडी. म्हणून आपली ओढ जरा जास्तच. त्यात ज्याचा पेपर बिघडलाय किंवा प्लेसमेंट हुकलीय, त्याला तर तिकडून परतच यायचं नसतं.

१९१२ मध्ये २६ वर्षांचा एक मराठी शिक्षक अगदी असाच निघाला होता. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजे आपले काकासाहेब कालेलकर.

जन्म १ डिसेंबर १८८५, साताऱ्याचा. घर बेळगावकडचं. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच बरीच गावं पाहून झाली. बेळगुंदीजवळची मार्कंडी ही छोटीशी नदी तर त्यांना मैत्रिणीसारखीच वाटायची. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ मध्ये बी.ए. झाले. विषय तत्त्वज्ञान. चांगली सरकारी नोकरी शोधण्याऐवजी ते राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत शिरले आणि बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवू लागले. तिथे शिक्षकांना सर म्हणायची पद्धत नव्हती, घरातल्यासारखी नावं होती. कुणी मामा, कुणी अण्णा. कालेलकर झाले काका. हे नाव पुढे आयुष्यभर चिकटलं.

पण इंग्रज सरकारची या शाळेवर वाकडी नजर होती. १९१२ मध्ये शाळा बंद पडली. ज्या कामासाठी सगळं सोडलं, तेच संपलं. घरी संसार होता, तरी काका मोक्षाच्या ओढीने हिमालयाकडे निघाले. सोबत स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. केदार-बद्रीला तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. यात्रेकरू दिवसभर चालायचे आणि रात्री वाटेवरच्या चट्टीत मुक्काम करायचे. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ हे सगळं काकांनी पायी पाहिलं.

आणि मग ते परत आले. खरी गोष्ट इथून सुरू होते.

देश पारतंत्र्यात असताना आपण एकट्यानेच मुक्त होऊन काय करायचं, हा प्रश्न त्यांना डोंगरातही सुटेना. उत्तर खाली, माणसांतच होतं. ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेले. तिथे १९१५ मध्ये गांधीजी भेटले आणि काका पुन्हा मास्तर झाले. आधी साबरमती आश्रमाच्या शाळेत, नंतर गुजरात विद्यापीठात. तिथले ते कुलगुरूही झाले. गुजराती काही त्यांची मातृभाषा नव्हती. तरी ते इतकं सुंदर गुजराती लिहायला लागले, की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ ठरवलं. हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तकही आधी गुजरातीतच आलं, १९२४ मध्ये. म्हणजे परतल्यावर तब्बल बारा वर्षांनी! आपण गाडीतून उतरायच्या आत स्टोरी टाकतो.

त्याआधी एका लेखासाठी त्यांना साबरमतीच्या तुरुंगात जावं लागलं होतं. तिथे कुठला डोंगर आणि कुठली नदी? समोर नुसती भिंत. तर काका भिंतीजवळच्या मुंग्या, खारी, पक्षी बघत बसले आणि त्यावरही एक पुस्तक झालं. मला वाटतं, हिमालयाने त्यांना जे दिलं ते हेच. बघायची नजर. ती असली की तुरुंगाच्या अंगणातही माणूस रमतो आणि ती नसेल तर केदारनाथला जाऊनही नुसता सेल्फी मिळतो.

विद्यापीठाचं काम संपवून ते आपल्या शेजारी, वर्ध्याला आले आणि राष्ट्रभाषा प्रचारात गुंतले. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भारतीय साहित्य परिषद भरली, तिच्या खटपटीत काका पुढे होते. स्वातंत्र्यानंतर बारा वर्षं राज्यसभेत होते. १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षही तेच. आयोगाने २,३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या. पण १९५५ मध्ये अहवाल देताना जात हाच निकष धरायला काकांनी सोबतच्या पत्रात स्वतःच विरोध केला. यावरून त्यांच्यावर आजही टीका होते. ती नीट वाचायला हवी. माणूस मोठा असला म्हणून त्याचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही.

शिकवणं सुटलं, भटकणं मात्र सुटलं नाही. आफ्रिका झाली, जपान झालं. १९६४ मध्ये पद्मविभूषण आणि पुढच्याच वर्षी गुजराती पुस्तकासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत ते गेले. वय ९५.

शाळा बंद पडली तेव्हा काका २६ वर्षांचे होते. सगळं संपलं असं वाटल्यावर पुढे जवळजवळ सत्तर वर्षं बाकी होती! म्हणून यंदा ग्रुपचा प्लॅन ठरला तर जरूर जा. मनात राग असेल, रडू असेल तर तेही घेऊन जा. फक्त परतीचं तिकीटही काढा. खाली कुणीतरी आपली वाट बघत असतं. कदाचित एखादा वर्गसुद्धा.