देशबंधु चित्तरंजन दास आणि त्यांचा पक्ष

निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे गावोगावच्या भिंती रंगतात, चौकाचौकांत सभा भरतात, आणि अमका ह्या पक्षाचा व तमका त्या पक्षाचा अशी बोलणी घरात आणि शाळेच्या वाटेवर विद्यार्थ्यांच्या कानी पडतात. परंतु पक्ष हा कशासाठी असतो, प्रांताच्या अथवा राज्याच्या कायदेमंडळात जाऊन त्याने काय करावयाचे असते, आणि लोकांस दिलेला शब्द त्यास कितपत बांधतो, ह्या गोष्टींचा विचार मोठी माणसेही क्वचितच करितात. हा विचार करण्यास बंगालचे पुढारी देशबंधु चित्तरंजन दास ह्यांचे चरित्र फार उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

चित्तरंजन ह्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८७० रोजी कलकत्ता येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे ढाका जिल्ह्यातील विक्रमपूर परगण्यातील. वडील भुवनमोहन हे वकिलीचा धंदा करीत व ब्राह्मसमाजाचे अनुयायी होते. चित्तरंजन ह्यांचे शालेय शिक्षण भवानीपूर येथील लंडन मिशनरी सोसायटीच्या विद्यालयात झाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजातून १८९० साली पदवी घेऊन ते सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेकरिता विलायतेस गेले. त्याच सुमारास, म्हणजे १८९२ साली, दादाभाई नौरोजी हे लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे होते. त्यांच्या प्रचारकार्यात तरुण चित्तरंजनांनी भाग घेतला. पक्ष कसा बांधावा, मतदारांस कसे समजवावे, ह्याचा पहिला धडा त्यांस तेथे मिळाला. सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत त्यांस यश आले नाही. तेव्हा बॅरिस्टर होऊन १८९३ साली ते स्वदेशी परतले.

घरी येऊन पाहतात तो वडील कर्जात बुडालेले. भुवनमोहन हे अत्यंत उदार. दुसऱ्यांस जामीन राहून त्यांनी आपला संसार गहाण टाकिला होता. कर्जाच्या कागदांवर पुत्राच्याही सह्या झाल्या, आणि १९०६ साली पितापुत्र दोघांसही नादार म्हणून अर्ज करावा लागला. नादारी मंजूर झाल्यावर कायद्याने सावकारांस काही मागता येत नाही. तथापि चित्तरंजनांच्या मनास ती मोकळीक मानवली नाही. अलीपूरच्या बाँब खटल्यात अरविंद घोष ह्यांच्या बाजूने त्यांनी अनेक महिने काम चालविले आणि १९०९ साली अरविंद निर्दोषी सुटले. त्या खटल्याने त्यांचे नाव देशभर झाले व प्राप्ती वेगाने वाढू लागली. त्या प्राप्तीतून १९१३ साली त्यांनी सर्व जुने देणे फेडून टाकिले आणि नादारीचा हुकूम न्यायालयाकडून रद्द करून घेतला. दिलेला शब्द पुरा करण्याची ही वृत्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील हकीकतीशी तिचा निकट संबंध आहे.

१९१७ साली भवानीपूर येथे भरलेल्या बंगाल प्रांतिक परिषदेचे ते अध्यक्ष झाले व तेथून त्यांच्या राजकीय जीवनास खरा आरंभ झाला. १९२० सालच्या नागपूरच्या काँग्रेसला ते गांधीजींच्या असहकारितेस विरोध करण्याच्या तयारीने आले होते. परंतु चर्चेअंती त्यांचे मतपरिवर्तन झाले व तो ठराव त्यांनी स्वतःच मांडिला. परतल्यावर हजारो रुपयांची वकिली त्यांनी सोडून दिली. लोक त्यांस देशबंधु म्हणू लागले. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांची पत्नी वासंतीदेवी ह्यांस खादी विकीत असता पकडण्यात आले; पाठोपाठ त्यांनाही अटक झाली. त्या वर्षी अहमदाबादच्या काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष तेच होते. पण ते तुरुंगात असल्यामुळे हकीम अजमलखान ह्यांस ते काम करावे लागले.

आता त्या वेळची राज्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यकारभार सुरू झाला होता. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य इत्यादी सोपीव खाती लोकनियुक्त सभासदांतून नेमिलेल्या मंत्र्यांकडे असत. पोलीस, न्याय, जमीनमहसूल ही राखीव खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली होती. म्हणजे शाळा व दवाखाने वाढविण्याची जबाबदारी मंत्र्यांची, आणि खजिन्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेस, असा तो प्रकार होता. मतदानाचा हक्कही थोड्याच लोकांस होता. असहकारितेमुळे १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता.

तुरुंगातून सुटल्यावर देशबंधूंनी निराळा विचार मांडिला. कायदेकौन्सिले मोकळी सोडिल्याने ती बंद पडत नाहीत, तेथे दुसरे जाऊन बसतात. तरी आपणच निवडून जावे आणि आतून ह्या कारभाराचे पोकळपण उघडे करावे, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९२२ मध्ये गया येथील काँग्रेसचे ते स्वतः अध्यक्ष होते. तरीही राजगोपालाचारी इत्यादी नाफेरवाल्यांच्या पुढे त्यांचा पराभव झाला. तेव्हा अध्यक्षपदाचा राजीनामा देऊन त्यांनी काँग्रेसच्या अंतर्गतच स्वराज्य पक्ष स्थापिला. मोतीलाल नेहरू हे चिटणीस झाले. विठ्ठलभाई पटेल व आपल्या महाराष्ट्रातील नरसिंह चिंतामण केळकर हेही त्यांस मिळाले. सप्टेंबर १९२३ मध्ये दिल्लीच्या जादा अधिवेशनात काँग्रेसने कौन्सिलप्रवेशास मोकळीक दिली.

नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकीचा निकाल पाहून सर्वांस आश्चर्य वाटले. मध्यप्रांताच्या नागपूर येथील कौन्सिलात स्वराज्य पक्षास निर्भेळ बहुमत मिळाले, आणि बंगालात तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. सुरेंद्रनाथ बॅनर्जी ह्यांच्यासारख्या वयोवृद्ध पुढाऱ्याचा डॉक्टर विधानचंद्र रॉय ह्या तरुणाने पराभव केला. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन ह्यांनी देशबंधूंस मंत्रिमंडळ बनविण्याविषयी विचारिले. परंतु मतदारांस आपण मंत्रिपद घेण्याचे वचन दिलेले नाही, हे जाणून त्यांनी नकार दिला.

बहुमत नसता त्यांनी पक्ष कसा चालविला हे पाहण्यासारखे आहे. बंगालात मुसलमानांची वस्ती अर्ध्याहून अधिक, पण सरकारी नोकऱ्यांत त्यांचा वाटा फार थोडा. देशबंधूंनी डिसेंबर १९२३ मध्ये मुसलमान पुढाऱ्यांशी करार केला. कौन्सिलातील प्रतिनिधित्व लोकसंख्येप्रमाणे असावे. स्थानिक संस्थांत त्या त्या जिल्ह्यातील बहुसंख्य समाजास शेकडा ६० व अल्पसंख्यास ४० जागा असाव्या. स्वराज्य आल्यावर नोकऱ्यांपैकी शेकडा ५५ मुसलमानांस मिळाव्या, अशी त्यातील मुख्य कलमे होती. कोकोनाडाच्या काँग्रेसने हा करार नाकारिला व हिंदु समाजातून कडक टीका झाली. तथापि १९२४ साली सिराजगंजच्या प्रांतिक परिषदेत देशबंधूंनी तो मान्य करवून घेतला. ह्या विश्वासाच्या बळावरच त्यांच्या पक्षास कौन्सिलात मुसलमान सभासदांची साथ लाभली, आणि १९२४ साली मंत्र्यांचे वेतन नामंजूर होऊन मंत्र्यांस अधिकारपदे सोडावी लागली.

त्याच वर्षी नव्या कायद्याप्रमाणे कलकत्ता कॉर्पोरेशनची निवडणूक झाली. हा कायदा सुरेंद्रनाथांनीच मंत्री असता करविला होता. त्याचे फळ मात्र त्यांच्या प्रतिपक्षाच्या हाती आले. देशबंधु पहिले मेयर झाले, शहीद सुऱ्हावर्दी उपमेयर, आणि २७ वर्षांचे सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. मोफत प्राथमिक शाळा व गरिबांसाठी औषधोपचार ह्यांकडे कॉर्पोरेशनने लक्ष घातले. कौन्सिलात अडविणारा पक्ष नगराचा कारभार करूनही दाखवू शकतो, हे लोकांस दिसले. परंतु ऑक्टोबर १९२४ मध्ये एका वटहुकमाखाली सुभाषबाबूंस चौकशीवाचून कैद करण्यात आले. तो वटहुकूम कायद्याच्या रूपाने जानेवारी १९२५ मध्ये कौन्सिलापुढे आला, तेव्हा देशबंधु अंथरुणास खिळलेले होते. त्याही स्थितीत डॉक्टरांना बरोबर घेऊन, माणसांकडून उचलून नेववून, ते सभागृहात हजर झाले व त्यांनी विरोधी मत दिले. विधेयक पडले. गव्हर्नरांनी आपल्या खास अधिकाराने ते पुढे अमलात आणिले, ही गोष्ट वेगळी. पण आजारी पुढारी मत देण्यास येतो हे पाहून त्याच्या अनुयायांस घरी बसण्यास सबब उरली नाही.

ह्या धोरणावर आक्षेप नव्हते असे नाही. मंत्री गेले म्हणजे शाळा व दवाखान्यांचा कारभारही गव्हर्नरांच्याच हाती जातो, तेव्हा अडवणुकीने लोकांचे काय हित झाले, असे टीकाकार विचारीत. आणि तो प्रश्न निरर्थक नव्हता. देशबंधूंच्या मनातही हा विचार घोळत असावा. मे १९२५ मध्ये फरीदपूरच्या परिषदेत, सरकारने मन मोठे केल्यास सन्मानपूर्वक सहकार्य करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. परंतु त्या बोलण्याचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अंत्ययात्रेस कलकत्त्यात अपार जनसमुदाय लोटला. गांधीजीही तीत सामील होते. आपले राहते घर त्यांनी आधीच लोककार्यास दिले होते. तेथे पुढे स्त्रियांकरिता चित्तरंजन सेवासदन हे रुग्णालय उभे राहिले.

नेता गेल्यावर पक्षाची परीक्षा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मध्यप्रांत कौन्सिलाचे अध्यक्ष व स्वराज्य पक्षाचे सभासद श्रीपाद बळवंत तांबे ह्यांनी सरकारच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारिली. त्यावरून मोठा वाद माजला. मोतीलालजींनी त्यांचा निषेध केला. उलट केळकर, जयकर व डॉक्टर मुंजे ह्यांनी प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरून वेगळा पक्ष काढिला. तिकडे बंगालात १९२६ साली कृष्णनगरच्या परिषदेने हिंदु-मुसलमान करार मोडीत काढिला. त्यानंतर दोन्ही समाजांतील अंतर वाढत गेले, आणि १९४७ साली बंगालचे दोन तुकडे झाले. करार टिकता तर इतिहास बदलला असता असे निश्चयाने कोणी सांगू शकणार नाही. परंतु एका समाजास दिलेला शब्द मागे घेतला गेला, ही गोष्ट त्या समाजाच्या मनात राहिली, एवढे खास.

सारांश, पक्षाची भरभराट ही सभासदांच्या संख्येवर दिसते, पण त्याची पत त्याने दिलेल्या वचनांवर ठरते. कायद्याने माफ झालेले देणे ज्याने फेडिले त्याच्या शब्दावर प्रतिपक्षाचे लोकही विसंबून राहिले. आणि त्याच्या मागे ती पत सांभाळण्याचे काम अनुयायांस साधले नाही. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी प्रत्येकास काही वर्षांनी मताचा हक्क मिळेल, व कित्येक पालकांस तो आजच आहे. पक्षाची निशाणी पाहण्याबरोबर त्याने मागील खेपेस काय कबूल केले होते व त्यातले किती फेडिले, ह्याचा हिशेब मतदारांनी अवश्य मागावा. आणि वर्गातल्या सोबत्यास दिलेला लहानसा शब्दही पाळण्याची सवय आमच्या मुलामुलींनी आजपासूनच अंगी बाणवावी, एवढीच आमची त्यांस प्रेमाची सूचना आहे.