थोर शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर वेंकट रामन

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हांला एकेका थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली. मी रामन निवडले. त्याचे कारण आमचा कांदा आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीतला कांदा आतून तापला. बाहेरून तो चांगलाच दिसत होता. वडील रोज फटीतून हात घालून बघायचे, पण हात पोचेल तेवढंच कळायचं. वास सुटला तेव्हा मधला कांदा सडून गेला होता. आई त्या दिवशी जेवली नाही. आत हात न घालता आतली गरमी कळते का, असं मी गुरुजींना विचारलं. तेव्हा त्यांनी मला रामन यांची गोष्ट सांगितली.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांचे वडील गणित व विज्ञान शिकवीत. रामन फार हुशार होते. १९०४ साली ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी. ए. झाले. तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते.

१९०७ साली त्यांना कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात मोठी नोकरी लागली. पुढे बदली होऊन ते रंगूनला आणि काही दिवस आपल्या नागपूरलाही होते. पण त्यांचा जीव प्रयोगात होता. कलकत्त्याला डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली विज्ञानाची संस्था होती. कचेरीच्या आधी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर रात्री रामन तिथे प्रयोग करीत. १९१७ साली ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे पगार खूप कमी होता, तरी त्यांनी सरकारी नोकरी सोडली. आमच्या आजीला हे अजून पटलेलं नाही.

१९२१ साली ते बोटीने विलायतेला गेले. भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून ते विचारात पडले. आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा, असं तेव्हा मोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांनी बोटीवरच तपासून पाहिलं. पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं, असं त्यांच्या ध्यानात आलं.

परत आल्यावर ते आणि त्यांचे विद्यार्थी द्रवांमधून प्रकाश सोडून पाहू लागले. त्यांत के. एस. कृष्णन हे मुख्य होते. त्यांनी सुमारे साठ द्रव तपासले. तेव्हा लेझर नव्हता. सूर्याचा प्रकाश, पाऱ्याच्या वाफेचा दिवा आणि स्वतःचे डोळे, एवढ्यावरच त्यांचं काम चाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध पक्का झाला. एका रंगाचा प्रकाश आत सोडला तर त्यातला अगदी थोडा प्रकाश रंग बदलून बाहेर येतो. यालाच रामन परिणाम म्हणतात.

गुरुजींनी तो झोक्यावरून समजावला. थांबलेल्या झोक्याला ढकललं तर आपला जोर खर्च होतो. पण झोका जोरात चालू असेल तर तोच आपल्याला ढकलतो. पदार्थातले रेणू असेच हलत असतात. जो प्रकाश जोर गमावतो तो तांबड्या बाजूला सरकतो. ज्याला जोर मिळतो तो निळ्या बाजूला सरकतो. पदार्थ जितका गरम, तितके जास्त रेणू जोरात हलतात आणि निळ्या बाजूचा प्रकाश वाढतो. दोन्हींची तुलना केली की हात न लावता गरमी कळते!

१९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानासाठी ते मिळवणारे ते आशियातले पहिलेच. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते बंगळूर येथे वारले. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो तो त्यांच्या शोधामुळेच.

१९६० साली लेझर निघाला आणि या शोधाला बळ आले. आता केसासारख्या बारीक काचेच्या तारेत लेझरचा प्रकाश सोडतात. त्यातला थोडा प्रकाश रंग बदलून परत येतो. रंगावरून गरमी किती ते कळतं आणि परत यायला लागलेल्या वेळावरून ती कुठे आहे ते कळतं. एकच तार कित्येक किलोमीटर लांब असते. बोगद्यात आग लागली किंवा जमिनीखालची विजेची केबल तापली तर ती लगेच समजते.

ही तार फार महाग असते, म्हणून ती आमच्या चाळीत नाही. यंदा वडिलांनी कांद्याची रास कमी उंच लावली आहे, म्हणजे वारा खेळेल. मोठा झाल्यावर मी कांद्यासाठी स्वस्त तार करीन. तोवर शाळेतून आलो की मी फटीतून हात घालून बघतो. माझा हात लहान आहे, पण वडिलांचा जात नाही त्या फटीत माझा जातो.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी