करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन

सर करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन (४ डिसेंबर, १८९८ – जून, १९६१) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. रामन परिणामाच्या शोधातील चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहकारी म्हणून त्यांचे नाव बहुधा घेतले जाते. स्फटिकांच्या चुंबकीय व विद्युत् गुणधर्मांवरील त्यांचे स्वतंत्र संशोधन त्या मानाने कमी परिचित आहे. त्यांची आंतरराष्ट्रीय कीर्ती मात्र मुख्यतः त्यावरच उभी राहिली. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक होते.

बालपण व शिक्षण

कृष्णन यांचा जन्म आजच्या तमिळनाडूतील विरुधुनगर जिल्ह्यातल्या वत्रप या गावी झाला. त्यांचे वडील शेतकरी असून तमिळ व संस्कृत साहित्याचे जाणकार होते. मदुराई येथील अमेरिकन कॉलेज व नंतर मद्रास ख्रिश्चन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. पदवीनंतर याच महाविद्यालयात ते रसायनशास्त्राचे प्रयोगनिदर्शक होते. दुपारच्या सुटीत भौतिकी, रसायन व गणितातील कोणत्याही प्रश्नावर ते विद्यार्थ्यांशी चर्चा करीत. या अनौपचारिक बैठकांना इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत. पुढे ते कलकत्त्यास गेले आणि १९२३ मध्ये इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

रामन परिणाम व श्रेयाचा प्रश्न

द्रवांमधून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा अभ्यास रामन यांनी १९२१ पासून चालविला होता. या कामात मूळ प्रकाशाहून निराळ्या रंगाचा एक क्षीण प्रकाश वारंवार आढळे. द्रवातील अशुद्धीमुळे घडणारे ते अनुस्फुरण असावे, असा प्रथम समज होता. पण द्रव कितीही शुद्ध केला तरी तो प्रकाश नाहीसा होईना. फेब्रुवारी १९२८ मध्ये कृष्णन यांनी हा प्रश्न प्रयोगासाठी हाती घेतला. सूर्यप्रकाश निळ्या-जांभळ्या काचेतून गाळून धूलिरहित द्रवावर टाकावयाचा आणि बाहेर पडणारा प्रकाश पूरक रंगाच्या काचेतून पाहावयाचा, अशी ही साधी पद्धत होती. मूळ प्रकाशात बदल झाला नसता, तर दुसऱ्या काचेतून काहीच दिसले नसते. सुमारे ६० द्रवांत बदललेला प्रकाश दिसला. तो ठळकपणे ध्रुवित असल्याने सामान्य अनुस्फुरणाचे स्पष्टीकरण त्याला लागू पडेना.

दोघांच्या नावाची १६ फेब्रुवारी या तारखेची टिपणी ‘नेचर’च्या ३१ मार्च १९२८ च्या अंकात प्रसिद्ध झाली. वर्णपटदर्शकातून बदललेल्या तरंगलांबीचा प्रकाश स्वतंत्रपणे दिसला तो २८ फेब्रुवारीला. तरंगलांबीतील बदलाविषयीची पुढील टिपणी एकट्या रामन यांच्या नावावर आहे. १९३० चे नोबेल पारितोषिकही त्यांना एकट्यांनाच मिळाले. कृष्णन यांनी त्या दिवसांतील कामाची रोजनिशी ठेवली होती आणि शोधाचा क्रम ठरविण्यास ती महत्त्वाचे साधन ठरली आहे. संशोधनाची दिशा व सात वर्षांची चिकाटी रामन यांची होती, हे तिच्यामुळे बदलत नाही. मात्र निर्णायक आठवड्यांतील निरीक्षणांत कृष्णन यांचा वाटा केवळ मदतनिसाचा होता, असेही म्हणता येत नाही.

स्फटिकांवरील संशोधन

डिसेंबर १९२८ मध्ये कृष्णन ढाका विद्यापीठात प्रपाठक झाले. सत्येंद्रनाथ बोस तेव्हा तेथेच होते. येथे कृष्णन यांनी स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास आरंभिला. बहुतेक स्फटिकांवर चुंबकीय क्षेत्राचा होणारा परिणाम दिशेनुसार बदलतो. हा फरक मोजण्यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत अल्पखर्ची, पण विलक्षण अचूक होती. लहानसा स्फटिक क्वार्ट्झच्या अतिशय बारीक तंतूने चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगला जाई व तंतूच्या वरच्या टोकास पीळ दिला जाई. चुंबकीय क्षेत्र स्फटिकाला काही काळ जागीच धरून ठेवी. एका ठरावीक पिळानंतर तो एकदम उलटा फिरे. त्या पिळावरून हवी ती राशी काढता येई.

या मोजमापांचे महत्त्व असे की, धातूचा आयन स्फटिकात बसला म्हणजे भोवतालच्या अणूंचे विद्युत् क्षेत्र त्याच्या ऊर्जापातळ्या विभागते. पुंजयामिकीने सांगितलेली ही गोष्ट लोह गटातील व विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या क्षारांवर पडताळता आली. नॅप्थॅलीन, अँथ्रासीन यांसारख्या पदार्थांत रेणू स्फटिकामध्ये कोणत्या कोनात बसले आहेत, हेही चुंबकीय मापनावरून ठरविता येऊ लागले. या विषयावर कॅथलीन लॉन्सडेल यांच्यासह त्यांनी १९३६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

१९३३ मध्ये कृष्णन महेंद्रलाल सरकार प्राध्यापक म्हणून कलकत्त्याच्या संस्थेत परतले. वर्णपटविज्ञान त्यांनी सोडले नव्हते. स्फटिकांतील ध्रुवित प्रकाशाचे शोषण व अनुस्फुरण यांवरही त्यांचे काम चालू होते. याच काळातील ग्रॅफाइटवरील संशोधन आज विशेष लक्षवेधी वाटते. ग्रॅफाइटमधील कार्बनचे अणू एकावर एक रचलेल्या थरांत असतात. थरांना लंब दिशेतील त्याची प्रतिचुंबकी प्रवृत्ती थरांच्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी जास्त असल्याचे कृष्णन यांनी दाखविले. थरांच्या दिशेने वीज किती अधिक सहज वाहते, हे त्यांनी व गांगुली यांनी १९३९ मध्ये मोजले. ग्रॅफाइटमधील मुक्त इलेक्ट्रॉन जवळपास थराच्या प्रतलातच वावरतात, असे चित्र त्यातून उभे राहिले. ग्रॅफाइटचा एकच थर, म्हणजे ग्राफीन, २००४ मध्ये वेगळा करण्यात आला. त्याच्या नमुन्यातील थर ओळखण्यासाठी नेहमी वापरले जाणारे तंत्र म्हणजे रामन वर्णपट होय.

उत्तरायुष्य

१९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९४२ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर त्यांनी भाटिया यांच्यासह द्रवरूप धातूंच्या विद्युत् रोधाचा सिद्धान्त मांडला. १९४६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९४७ मध्ये त्यांनी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची जबाबदारी स्वीकारली. तिच्या इमारतीचे उद्घाटन १९५० मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते झाले. होमी भाभा व शांतिस्वरूप भटनागर यांच्यासह ते १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य होते. प्रशासनाचा भार असतानाही तापलेल्या पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर त्यांनी जैन यांच्यासह प्रयोग केले. त्यांना १९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९५८ चा पहिला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. कृष्णन यांनी तमिळमध्ये विज्ञानविषयक लेखनही केले. रॉयल सोसायटीसाठी त्यांचे चरित्र लॉन्सडेल व भाभा यांनी मिळून लिहिले.